जालीचं घर कशावर चालतं

सेरेकुंडा, गांबिया
12 जानेवारी

ती. दादा व सौ. वहिनी यांना सा. न. वि. वि.
चि. गार्गीस अनेक आशीर्वाद.

वहिनींचा निरोप पोचला. गार्गी नोकरी सोडून पूर्णवेळ गोष्टी सांगण्याचं काम करायचं म्हणते आणि घरात दोन तट पडलेत. "तुमच्याकडे म्हणे गोष्टी सांगणाऱ्यांची घराणीच्या घराणी असतात, त्यांचं कसं चालतं ते सविस्तर लिहा," असं वहिनींनी विचारलंय. तेव्हा हे पत्र लांबणार. रात्री जेवणं उरकल्यावर गार्गीने मोठ्याने वाचून दाखवावं.

उत्तर आधीच सांगून टाकते. इथे या कामावर पोट भरतं, पिढ्यान् पिढ्या भरत आलंय. पण निव्वळ गोष्टीचे पैसे कुणी देत नाही. पैसे मिळतात ते चारचौघांत माणसाला तो कुणाचा कोण हे सांगण्याचे, दोन घरांमधला शब्द पोचवण्याचे, बारशाला, लग्नाला आणि भांडण मिटवायला हजर असण्याचे. गोष्ट हे त्या कामाचं लोकांना दिसणारं टोक. गार्गीला हे आत्ताच कळलेलं बरं, कारण बाहेरच्या जगात या लोकांचं फक्त टोक दिसतं आणि त्यावरून धंद्याचा अंदाज बांधला जातो.

मांदिंका भाषेत या माणसाला जाली म्हणतात, मालीत आणि गिनीत जेली, वोलोफ लोकांत गेवेल. फ्रेंचांमुळे जगभर ग्रियो हे नाव पसरलं. जाली जन्माने होतो. कुयाते, सुसो, कानुते, कोंते, सिसोको, आणि मालीत ज्यांना दियाबाते म्हणतात ते इकडचे जोबार्ते, ही त्यांची आडनावं. आडनाव ऐकलं की समोरचा माणूस काय करतो ते निम्मं कळलेलं असतं. लोहार आणि चामड्याचं काम करणारे यांच्यासारखाच हाही एक बलुतेदार गट आहे, रोटीबेटीचे नियम असलेला. आपल्या मिरज-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात सुगीनंतर हेळवी येतो, घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतो आणि धान्य घेऊन जातो. त्याचं काम, शाहिराचं काम आणि सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थाचं काम एकाच घराकडे सोपवलं तर जे होईल ते जालीचं घर.

हा धंदा किती जुना याचे लेखी पुरावे आहेत. इब्न बतूता 1352 मध्ये मालीच्या दरबारात पोचला, तेव्हा त्याने राजाचा दुभाष्या दुघा लाकडी पट्ट्यांखाली भोपळे बांधलेलं वाद्य वाजवताना पाहिला, आणि पक्ष्याचं सोंग घेऊन राजापुढे उभे राहणारे कवीही पाहिले. ते वाद्य म्हणजे बालाफोन. पुढे 1795 मध्ये मंगो पार्क हा स्कॉटिश प्रवासी याच गांबिया नदीच्या काठावरून आत शिरला आणि त्यानेही गाणाऱ्या जालींबद्दल लिहून ठेवलं.

आता एक प्रत्यक्ष प्रसंग सांगते, म्हणजे पैसा कुठून कसा येतो ते दिसेल. मूल जन्मल्यावर साधारण सातव्या दिवशी सकाळी बारसं असतं. अंगणात चटया पसरतात, पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला. घरातली वडीलधारी बाई बाळाला मांडीवर घेऊन बसते. बाळाचं जावळ काढतात, वडीलधारा माणूस किंवा इमाम बाळाच्या कानात प्रार्थना आणि नाव पुटपुटतो. ते नाव अजून कुणालाच ऐकू गेलेलं नसतं. मग तो ते जालीला हळूच सांगतो आणि जाली उठून खणखणीत आवाजात सगळ्यांना जाहीर करतो. जालीने उच्चारलं की नाव पक्कं झालं. त्याच सुमाराला बोकड किंवा मेंढा कापतात, कोलाच्या बिया वाटतात.

खरं काम यानंतर सुरू होतं. बाळाचं नाव ज्याच्यावरून ठेवलं त्या माणसाकडे जाली वळतो, त्याचं आडनाव दोन-तीनदा घेतो, त्या आडनावाचा मूळ पुरुष, त्याने मारलेली मजल, त्याचा उदारपणा हे ठरलेल्या पदांमध्ये झरझर म्हणतो. तो माणूस खिशातून नोट काढतो. जाली ती नोट वर धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, अमक्याच्या मुलाने, तमक्याच्या नातवाने एवढे दलासी दिले. लगेच त्या माणसाचा मेहुणा उठतो, कारण आता त्याच्या घराण्याचीही पाळी आहे. देणं उघड असतं आणि त्या देण्याचा साक्षीदारही जालीच असतो. कोणी किती दिलं, कोणी काहीच दिलं नाही, हे तो वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो. शेवटी जमलेल्या पैशांची वाटणी होते: गाणारी बाई, वाजवणारा, साथीला हुंकार देणारा, सोबत आलेले म्हातारे. वाटणीवरून भांडणं होतात, आणि ती बहुतेक आधी न ठरवल्यामुळे होतात. गार्गीला पुढे कुणासोबत कार्यक्रम करायचा असेल तर वाटा कार्यक्रमाआधी ठरवावा, हे इथला कुठलाही जाणता जाली सांगेल.

या कामात सगळ्यात महागात पडते ती आडनावाची चूक. एका घराण्याची स्तुतिपदं दुसऱ्याला लावली, किंवा मोठ्या भावाच्या आधी धाकट्याचं नाव घेतलं, तर ती नुसती विसरभोळेपणाची बाब राहत नाही. त्या घराचा मान चारचौघांत गेलेला असतो. म्हणून जाली अनोळखी गावात गेला की आधी बोलत नाही. एखाद्या यजमानाकडे उतरतो, अंगणात बसून चहा पितो आणि माहिती काढतो. कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाचा वाद चालू आहे, कोण परदेशाहून आलाय. तासभर हे झाल्याशिवाय चांगला जाली वाद्याला हात लावत नाही. मला वाटतं या धंद्यातलं सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात कमी दिसणारं काम हेच.

आता गोष्टीकडे येते. यांचा मोठा आख्यानग्रंथ, अर्थात तोंडी, म्हणजे सुंजाताची कथा. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभं करणारा राजा. लहानपणी त्याला सात वर्षं चालता येत नाही. आईला सवतीकडून बोलणं खावं लागतं, तेव्हा तो लोखंडी कांबेचा आधार घेऊन उठायला जातो आणि कांबच वाकते. पुढे वनवास, मग सोसोचा राजा सुमांगुरू कांते याच्याशी लढाई. किरिनाची ती लढाई 1235 च्या सुमाराची मानतात. सुमांगुरूने सुंजाताचा जाली बाला फासेके कुयाते याला पकडून ठेवलं आणि त्याने पळून जाऊ नये म्हणून त्याच्या टाचेच्या शिरा कापल्या, असं सांगतात. त्या काळचा म्हणून मानला जाणारा बालाफोन गिनीतल्या नियागासोला गावी कुयाते घराण्याकडे आजही जपून ठेवलेला आहे. युनेस्कोने 2001 मध्ये त्याची दखल घेतली. इथल्या एका रूपात असं आहे की रानात अन्नावाचून जाली कोसळतो, तेव्हा सुंजाता स्वतःच्या पायाचं मांस कापून, शिजवून त्याला खाऊ घालतो. यजमानाने जालीला का पोसायचं याचं यांचं उत्तर या प्रसंगात आहे, म्हणून तो सांगताना कुठलाही जाली घाई करत नाही.

ही कथा सहसा सलग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत नाहीत. यजमान कोण त्यावर प्रसंग निवडतात. त्रावरे घराण्यात सुंजाताचा सेनापती तिरामाखान याचा पश्चिमेकडचा प्रवास येणार, कारण गांबियातली कितीतरी मांदिंका घराणी स्वतःला त्याच्या फौजेचे वंशज मानतात. कामारांच्या घरी ताबोनचा फ्रान कामारा मोठा होतो. कांते आडनावाचं कुणी बसलेलं असेल तर सुमांगुरूचं शौर्य आधी येतं, पराभव मागून आणि थोडक्यात. याच देशातल्या तीन जालींच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेली तीन रूपं 1974 मध्ये लंडनहून छापली गेली. बाम्बा सुसो, बाना कानुते आणि देम्बो कानुते अशी त्यांची नावं. बाम्बा सुसोंच्या कथनात घराणी आणि आडनावांची उत्पत्ती ठासून भरली आहे. बाना कानुतेंच्या कथनात लढाई आणि जोश. देम्बो कानुतेंनी दार्बो आडनावाच्या यजमानाच्या घरी सांगितली, तर दार्बोंचे पूर्वज कथेत ठळक झाले. तिघंही त्यांच्या रीतीने बरोबर. बदलायचं काय आणि काय मुळीच बदलायचं नाही, हे शिकायलाच निम्मं आयुष्य जातं. स्तुतिपदं अक्षरशः तशीच ठेवतात, प्रसंगांचं वर्णन मोकळं.

सांगण्याचे तीन आवाज असतात. एक साधं बोलणं, त्यात कथा पुढे सरकते. दुसरं पठण, वरच्या पट्टीत, श्वास न घेता, ठरलेल्या ओळी. याला सतारो म्हणतात. तिसरं गाणं, म्हणजे दोनकिलो, जे ऐकणाऱ्यांनाही पाठ असतं. खाली वाद्याची एक छोटी आवर्तनं घेणारी धून चालूच राहते, तिचं नाव कुंबेंगो. मध्येच वादक बोटं सैल सोडतो आणि वरून खाली घसरणाऱ्या द्रुत फिरती घेतो, त्या बिरिमिंतिंगो. बोलणारा दमला, किंवा पुढची ओळ जुळवतोय, की त्या फिरती लांबतात. ऐकणाऱ्याला वाटतं वादक रंगात आलाय. आत विचार चालू असतो.

आणि शेजारी हुंकार देणारा बसलेला असतो. प्रत्येक ओळीनंतर तो "नामू" म्हणतो. आपल्याकडे आजी गोष्ट सांगताना "हूं म्हण, नाहीतर थांबते" म्हणायची, पोवाड्यात झीलकरी "जी जी" म्हणतात, तेच हे, फक्त इथे ती पगारी जबाबदारी आहे. नामू म्हणणारा ओळीची लांबी ठरवतो. त्याने लवकर म्हटलं तर बोलणारा धावतो, उशिरा म्हटलं तर रेंगाळतो. परदेशात रंगमंचावर हा माणूस सोबत नेला नाही तर चांगल्या चांगल्या जालींची लय बिघडते: समोर अंधार, कुणी उत्तर देत नाही, आणि चाळीस मिनिटांचं कथन पंचवीसमध्ये संपतं. प्रवासखर्च वाचवायला आयोजक पहिला काटतात तो नेमका हाच माणूस.

शिक्षण कसं होतं ते गार्गीने नीट ऐकावं. मूल सहा-सात वर्षांचं झालं की घरात कानावर पडतं ते आपोआप शिकतं, पण रीतसर शिकायला बऱ्याचदा काकाकडे किंवा दुसऱ्या गावच्या जालीकडे पाठवतात. बाप मायेने ढिलं सोडतो असा इथला समज आहे. पहिलं काम कोंकोन. गुरू कोरा, म्हणजे यांचं भोपळ्याचं तंतुवाद्य, वाजवत असतो आणि शिष्य समोर बसून त्या भोपळ्याच्या पाठीवर काडीने किंवा दाभणासारख्या सळईने एकच ठेका ठोकत राहतो. महिनोन् महिने तेवढंच. त्यात तीन गोष्टी होतात: ठेका अंगात मुरतो, गुरूची बोटं अगदी जवळून दिसतात, आणि कथा शेकडो वेळा कानावरून जाते. मग पहिली धून, बहुतेक केलेफाबा. काबू राज्याच्या केलेफा साने नावाच्या लढवय्याच्या नावाची ही धून इथल्या बहुतेक वादकांनी पहिली शिकलेली असते. ती एका कुंबेंगोवर तासन् तास. त्यानंतर एकेक नवी धून, आणि प्रत्येक धुनेबरोबर ती ज्या माणसासाठी बांधली त्याची कथा, त्याचं घराणं, त्याचे आजचे वंशज कुठे राहतात तेही. धून आली पण माणूस माहीत नाही, तर ती आली असं धरत नाहीत. शिष्य गुरूच्या शेतात भुईमूग काढतो, पाणी भरतो, आणि निरोप घेण्याआधी स्वतःचा कोरा स्वतः बांधतो. मग कोरड्या ऋतूत, पीक विकून लोकांच्या हाती पैसा आला की, नव्या यजमानांच्या शोधात गावोगाव फिरणं सुरू.

दादा, आता तुझ्या कामाचं. कोऱ्याचा भोपळा आपल्याकडच्या कडू भोपळ्याच्या जातीचाच. तुमच्या तंबोऱ्याला पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो तसा इथे नदीच्या वरच्या अंगाने येतो. अर्धा कापतात, व्यास दीड फुटाच्या आसपास. तबकडी लाकडाची नसते, गाईचं कातडं असतं. ते रात्रभर भिजवून मऊ करतात, भोपळ्याच्या तोंडावर पसरतात, आणि ओलं असतानाच त्याच्याखालून दोन मुठीच्या काठ्या उभ्या आणि एक आडवी काठी सरकवतात. मागून वादीने ताणून बांधतात आणि उन्हात तीन-चार दिवस वाळवतात. केस नंतर खरवडून काढतात आणि काठाभोवती पितळी खिळे ठोकतात. इथे दोन चुका होतात. भर उन्हात एकाच बाजूने वाळवलं तर कातडं त्या बाजूने ओढतं आणि भोपळ्याचा काठ अंडाकृती होतो. मग दांडी सरळ बसत नाही. आणि घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा, जिथे बसणार तिथे कातडं जास्त खरवडलं तर वर्षभरात ते खड्ड्यासारखं बसतं. दांडी इथल्या केनो नावाच्या लाकडाची, आपल्या बिवळ्याच्या जातीतलं झाड. लांबी साधारण सव्वा मीटर.

तारा एकवीस, डाव्या हाताला अकरा आणि उजव्या हाताला दहा. घोडी वीतभर उंच, उभी, दोन्ही कडांना खाचा. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी राहते. तारा सगळ्या एकदम सोडल्या तर घोडी खाली येते, म्हणून बदलायची ती एकेकच बदलतात. पूर्वी तारा हरणाच्या कातड्याच्या पट्ट्यांच्या असत, आता मासेमारीचा नायलॉनचा दोरा, पातळ ते जाड. नवा दोरा काही दिवस ताणत राहतो, त्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कुणी तार बदलत नाही. वाजवायला दोन अंगठे आणि दोन तर्जन्या, बाकी बोटांनी मुठी धरायच्या. आणखी एक: भोपळ्याच्या कडेला जे ध्वनिछिद्र असतं, त्यातच लोक नोटा टाकतात.

खुंट्यांऐवजी दांडीवर वादीच्या एकवीस वेण्या घट्ट गुंडाळलेल्या असतात. सूर लावायचा म्हणजे ती वेणी दोन्ही हातांनी पिळत वर-खाली सरकवायची. अर्धा तास सहज जातो. चार मुख्य लावण्या, म्हणजे सूर लावण्याच्या पद्धती, आहेत: सिलाबा, सौता, हार्दिनो आणि तोमोरा. हार्दिनो आपल्या बिलावलाच्या जवळ वाटते, सौतात मध्यम चढा. एका लावणीतून दुसरीत जायला वेळ लागतो, म्हणून संध्याकाळभर जाली एकाच लावणीत बसणाऱ्या धुना निवडतो. कथाही त्याप्रमाणे ठरते. आता कितीतरी जण गिटारच्या खुंट्या बसवतात. आवाजात फारसा फरक पडत नाही, वेळ वाचतो, आणि रंगमंचावर लोक कंटाळत नाहीत. मला तो बदल योग्यच वाटतो. हवा मात्र कुणाच्या हातात नसते. जून ते ऑक्टोबर पावसात कातडं सैल पडतं आणि सूर उतरतो. हल्ली, जानेवारीत, सहारातून धुळीचा कोरडा वारा येतो, कातडं आवळतं, लाकूड तडकतं. पावसाळ्यात वाजवण्याआधी वाद्य उन्हाला किंवा शेकोटीजवळ ठेवतात, पण फार जवळ नाही. माइक लावायचा तर ध्वनिछिद्रासमोर धरू नये, नुसतं घुमतं. घोडीच्या पायाशी चिकटवण्याचा पिकअप बरा.

आजच्या कमाईचं चित्र सरळ नाही. नोव्हेंबर ते एप्रिल समुद्रकाठच्या हॉटेलांत युरोपचे पर्यटक असतात. तिथे जालीला पोहण्याच्या तलावाशेजारी अर्धा-पाऊण तास वाजवायला बसवतात. भाषा कुणाला कळत नाही, म्हणून शब्द गळतात आणि फक्त धून उरते. बिदागी थोडी पण ठरलेली, आणि तिच्यावर तांदळाचं पोतं येतं. बारशा-लग्नांची कमाई जास्त, पण बेभरवशाची. राजकारणी प्रचाराच्या सभेला बोलावतात, पैसा भरपूर देतात, आणि सरकार बदललं की त्याच जालीकडे लोक संशयाने बघतात. आडनावापुरती स्तुती करून धोरणाबद्दल गप्प बसणं हा जुन्या लोकांचा मार्ग. लंडन, स्टॉकहोम, न्यूयॉर्कला गेलेली इथली माणसं तिथल्या बारशाला जाली बोलावतात, किंवा फोनवरून आपलं नाव इथल्या समारंभात घ्यायला लावून पैसे पाठवतात. खोटे जालीही खूप झालेत. आमंत्रण नसताना बारशात शिरतात, कुठल्याही आडनावाला चालेल अशी चार पदं म्हणतात, आणि पैसे मिळेपर्यंत हटत नाहीत. समारंभातली उधळपट्टी इतकी वाढली की शेजारच्या सेनेगलने 1967 मध्येच कौटुंबिक समारंभांच्या खर्चावर बंधन घालणारा कायदा केला.

परदेश दौऱ्यांची वाट पहिल्यांदा कोरावादकांनी मोकळी केली. ब्रिकामाचे अल्हाजी बाई कोंते 1973 मध्ये अमेरिकेत वाजवून आले. मालीचे तुमानी दियाबाते, जे 2024 मध्ये गेले, त्यांच्यामुळे कोरा मोठ्या सभागृहांत पोचला. पण लक्षात घे गार्गी, जगाने वाद्य उचललं, कथन मागे राहिलं, कारण कथनाला श्रोत्याची भाषा लागते. त्या बाबतीत तुझी बाजू बळकट आहे: तुझे श्रोते तुझ्याच भाषेतले असतील.

विश्वासाचा मुद्दा टाळून चालणार नाही. याच देशातल्या जुफुरे गावी 1967 मध्ये एका अमेरिकन लेखकाला त्याच्या पूर्वजाची वंशावळ सांगितली गेली, आणि 1976 मध्ये त्यावरचं पुस्तक जगभर गाजलं. पुढे इतिहासकारांनी तपास केला तेव्हा दिसलं की सांगणारा माणूस परंपरेने शिकलेला जाली नव्हता आणि पाहुण्याला काय ऐकायचंय हे त्याच्यापर्यंत आधीच पोचलेलं होतं. तोंडी इतिहास यामुळे खोटा ठरत नाही. पण प्रश्नातच उत्तर घालून विचारलं की समोरचा माणूस सौजन्याने ते परत करतो, हे शोधणाऱ्याने कायम ध्यानात ठेवावं. फजारा भागात राष्ट्रीय कला आणि संस्कृती केंद्राचं ध्वनिफितींचं संग्रहालय आहे. जालींनी आणि गावच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं तिथे जपलंय. एकच प्रसंग दोन-तीन तोंडांतून ऐकून पाहिल्याशिवाय इथले जाणते अभ्यासक काही लिहीत नाहीत.

वहिनींना मानाबद्दल काळजी आहे, म्हणून तेही लिहिते. जालीला लोक घाबरतात, त्याच्यावर खर्च करतात, आणि तरी त्याला मुलगी देत नाहीत. सेनेगलमध्ये एकेकाळी ग्रियोला जमिनीत पुरतही नसत. गोरखचिंचेच्या पोकळ खोडात ठेवत, जमीन नापीक होईल या समजुतीने. उलट बाजूने, सालिफ केता हे 1949 मध्ये मालीत सुंजाताच्या केता कुळात जन्मले, आणि राजकुळातल्याने गाणं म्हणणं घरच्यांना मान्य नव्हतं. ते गायले आणि जगप्रसिद्ध झाले. भिंती अजून आहेत, पण त्यांत दारं पडताहेत.

बायकांचं म्हणशील तर जालीमुसो, म्हणजे या घराण्यांतल्या बायका, गाण्यात पुरुषांच्या पुढे आहेत आणि लग्नसमारंभात त्यांची बिदागी बहुतेक वेळा जास्त असते. हातात लोखंडी नळी आणि सळई घेऊन त्या ताल धरतात. कोरा मात्र पुरुषांनीच वाजवायचा अशी रीत. ती सोना जोबार्ते यांनी मोडली. 1983 मध्ये लंडनला जन्म, आजोबा अमादू बानसांग जोबार्ते इथले नामवंत वादक. कोरा वाजवणाऱ्या घराण्यातून व्यावसायिक वादक झालेली पहिली बाई म्हणून त्यांचं नाव घेतात. 2015 मध्ये त्यांनी इथे गांबिया अकॅडमी सुरू केली. तिथे मुलं नेहमीच्या शालेय विषयांबरोबर इथलं संगीत आणि संस्कृती शिकतात. माझ्या मते या धंद्याचं पुढचं रूप तेच आहे: शिकवणं आणि सादर करणं एकाच छताखाली.

तर गार्गी, लगेच नोकरी सोडू नकोस, पण काम आजपासून सुरू कर. आपल्याकडे कीर्तनकार, गोंधळी, शाहीर आहेत. त्यांतल्या एखाद्याच्या मागे वर्षभर उभी राहा. टाळ धर, झील धर, जे देतील ते कर. स्वतः बोलायची घाई नको. एकेक गोष्ट तीन मापांत बसव, दहा मिनिटं, अर्धा तास, दीड तास, आणि लांबीप्रमाणे कुठला प्रसंग गळतो ते लिहून ठेव. ज्या गावाची गोष्ट त्या गावात जाऊन दोन-चार जणांकडून ती ऐक. गोष्टींची वही करशीलच, पण त्याहून मोठी वही माणसांची कर: कुठे सांगितली, कोण होतं, कुणाला काय आवडलं, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं. पहिली कमाई बारशी, वाढदिवस, साठीशांत, शाळांचे कार्यक्रम यांतून येईल, सभागृहातून नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. बिदागी आधी बोलून घे. सुंजाताची कथा सांगायची तर सांग, ती सगळ्यांना खुली आहे; फक्त कुठल्या जालीच्या रूपावरून सांगतेस त्याचं नाव आधी घे. घराण्यांची स्तुतिपदं मात्र त्यांचीच राहू दे, ती त्यांची रोजीरोटी आहे.

दादा, कोऱ्याचा एक संच पाठवायचा विचार होता, पण केनोचं लाकूड 2017 पासून परवाना लागणाऱ्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे आणि कच्च्या कातड्यालाही विमानतळावर कागद मागतात. तेव्हा आधी घोडीचं आणि मुठींचं मापासकट रेखाटन पाठवते. दांडीला तुझ्याकडचं बिवळ्याचं लाकूड चालेल का ते कळव.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
मंदा
(गार्गीची आत्या)